ग्रीस, पीएचडी आणि पंचवीस सेंटची पिन

मराठीत 'गॅरेज' म्हणजे जिथं आपण गाडी टाकून येतो ती जागा. "गाडी गॅरेजला टाकलीय" एवढं म्हटलं की त्यात एक दुकान, एक मेस्त्री, हाताखालची दोन पोरं आणि संध्याकाळी सात वाजता "उद्या देतो" म्हणणारा फोन हे सगळं आलं. अमेरिकन माणसाचं गॅरेज त्याच्या घरालाच चिकटलेलं असतं. खोली गाडीची, पण अनेकदा तिथं गाडीच मावत नाही. भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, मध्ये करवतीचं टेबल, एका कोपऱ्यात उतरवून ठेवलेलं इंजिन, दुसऱ्या कोपऱ्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांची अर्धवट रंगवलेली दारं. ब्रिटिश इंग्रजीत या शब्दाचे दोन्ही अर्थ चालतात. आपण त्यातला दुरुस्तीचा तेवढा उचलला. गाडीसाठी वेगळी खोली ही कल्पना शिरायला आपल्या घरांत जागाच कुठं होती?

एका शब्दाच्या या दोन अर्थांमधून दोन वेगळी साहित्यं निघायला हवी होती. निघालं एकच, अमेरिकन. एक पुरुष, एक यंत्र, सुट्टीचा दिवस आणि भरपूर विचार, असा त्याचा साचा. त्याला दंतकथांचीही जोड आहे. पालो आल्टोच्या ज्या गॅरेजमध्ये १९३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी कंपनी काढली, ते आज स्मारक म्हणून जपलंय. अ‍ॅपलच्या गॅरेजचीही तशीच ख्याती, पण स्टीव्ह वॉझनियाकनंच नंतर सांगून टाकलं की तिथं फारसं काही बनवलं गेलं नव्हतं, ती गोष्ट बरीचशी रचलेली आहे. गॅरेज म्हटलं की अमेरिकेला असं काहीतरी पवित्र वाटतं. आपल्याला 'गॅरेजवाला' म्हटल्यावर काय वाटतं, ते स्थळं बघायला निघालेल्या मुलीच्या बापाला विचारा.

या साहित्यातली दोन मोठी पुस्तकं मी गेल्या काही महिन्यांत पुन्हा वाचली. रॉबर्ट पिरसिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) आणि मॅथ्यू क्रॉफर्डचं 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' (२००९). आधी माझी बाजू सांगून टाकतो. माझ्या मामाचं कोल्हापुरात, उद्यमनगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुचाकीचं गॅरेज आहे. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथं रॉकेलच्या थाळीत नट-बोल्ट धुण्यात गेल्या. आता मी पुण्यात लॅपटॉपवर पोट भरतो. म्हणजे या पुस्तकांचा आदर्श वाचक मीच. तरीही ती वाचताना मला सारखं वाटत राहतं की मी चुकीच्या बाजूच्या स्टुलावर बसलोय.

पिरसिगपासून सुरुवात करू. हे पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारलं आणि मग लाखोंनी खपलं, ही गोष्ट पुस्तकापेक्षाही जास्त लोकांना माहीत आहे. १९६८ साली बाप आणि मुलगा होंडा सुपरहॉकवर मिनेसोटाहून पश्चिमेकडे निघतात. सोबत बीएमडब्ल्यूवर जॉन आणि सिल्व्हिया हे जोडपं. वाटेत तत्त्वज्ञान. पुस्तकातली मोटरसायकलींची माहितीसुद्धा फारशी बिनचूक नाही, असं लेखकानं सुरुवातीलाच कबूल करून ठेवलंय, त्यामुळे मेकॅनिक वाचकानं त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

त्यातला बीअरच्या कॅनचा प्रसंग प्रसिद्ध आहे. जॉनच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालंय, घट्ट आवळूनही सरकतं. निवेदक सुचवतो की मध्ये पातळ पत्र्याची पट्टी घालू, बीअरच्या कॅनचं अ‍ॅल्युमिनियम त्याला उत्तम. मऊ, चिकट, गंजायची भीती नाही. जॉन दुखावतो. एवढ्या महागाच्या जर्मन गाडीला बीअरचा डबा! पिरसिगला यातून दोन स्वभाव दाखवायचे आहेत. एकाला वस्तू जशी दिसते तशी हवी असते, दुसऱ्याला ती कशी चालते यात रस असतो. अमेरिकन समीक्षक या प्रसंगावर पानंच्या पानं लिहितात. मराठी वाचकाला मात्र निवेदकाचं काही विशेष वाटत नाही, त्याला जॉनच समजावून सांगावा लागतो. टायरमध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालणं, पॅकिंग मिळालं नाही तर जाड पुठ्ठ्यावर बॉलपीन हातोडीनं ठोकून तिथल्या तिथं कापून घेणं, हे मामाकडं रोजचंच. त्याला कुणी 'क्लासिकल दृष्टी' म्हणत नाही. 'भागवलं' म्हणतात.

पण हल्ली जॉन आपल्याकडंही दिसू लागलाय, हेही सांगायला हवं. दोन-अडीच लाखांची बाईक हप्त्यावर घेतलेला पोरगा मामाच्या दारात थांबत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो, काचेपलीकडच्या सोफ्यावर बसतो. तिथं पट्टी घालत नाहीत, अख्खा भाग बदलतात. या पोराला पिरसिग वाचायला द्यावा असं मला फार वाटतं. तो वाचणार नाही, रील बघेल. त्यावर पुढं येतो.

दुसरा प्रसंग जास्त टोचणारा आहे. निवेदकाच्या गाडीचं इंजिन पुन्हा पुन्हा धरतं, म्हणून तो ती दुकानात नेतो. रेडिओ मोठ्यानं चालू आहे, तरुण पोरं हसतखेळत काम करतायत, चुकीचा पाना लावून आवरणाच्या कडा खराब करतायत, छन्नी-हातोडीनं ठोकतायत. गाडी दुरुस्त तर होत नाहीच, उलट आणखी बिघडून घरी येते. शेवटी खरा दोष सापडतो तो तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतल्या एका तुटलेल्या पिनेत. किंमत पंचवीस सेंट. पिरसिग विचारतो, या पोरांनी असं का केलं? आणि त्याचं उत्तर म्हणजे सगळ्या पुस्तकाची किल्ली आहे: ती पोरं आपल्याच कामाची प्रेक्षक होती. त्यांना पर्वा नव्हती.

उत्तर सुंदर आहे आणि निदान अर्धं खरं आहे. मामानंही अशा पोराच्या कानाखाली जाळ काढला असता. पण पुढचा प्रश्न पिरसिग विचारत नाही. त्या पोरांना पगार किती होता? दिवसाला किती गाड्या पुऱ्या करायच्या होत्या? घरच्या गॅरेजात एकच गाडी असते, तीही स्वतःची, आणि वेळ लागेल तेवढा. 'गुणवत्ता' या शब्दाभोवती त्यानं एवढा मोठा डोलारा उभारला, पण त्याखाली जो मोकळा वेळ लागतो त्याचा हिशेब चारशे पानांत कुठंच नाही. मामाच्या दारात सोमवारी सकाळी दहा गाड्या उभ्या असतात. दुधवाला, पेपरवाला, बँकेतला शिपाई. प्रत्येकाला ती आजच हवी असते. अशा वेळी कोणत्या गाडीचं काम शंभर टक्के करायचं आणि कोणत्या गाडीला पुढच्या महिन्यापर्यंत ढकलायचं, हा निर्णयही नैतिकच असतो. तो पिरसिगच्या तत्त्वज्ञानात बसत नाही, कारण तिथं गिऱ्हाईकच नाही.

हा माणूस काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकला होता. तिथं प्राध्यापक जग ही माया असल्याचं शिकवत होते, तेव्हा त्यानं विचारलं की हिरोशिमा-नागासाकीवरचे बॉम्बही मायाच का? प्राध्यापक हसून हो म्हणाले आणि तो वर्गातून बाहेर पडला, असा छोटासा उतारा पुस्तकात आहे. मला तो फार आवडतो. हातात न येणाऱ्या विचाराचा कंटाळा आलेला माणूस पुढं स्क्रूवर प्रकरण लिहितो, हे पटतं. आणि ते स्क्रूचं प्रकरण, एका आवरणाचा एकच स्क्रू अडकतो आणि त्याचा खाचा फाटतो ते, दुरुस्तीवर लिहिलेलं आजही सगळ्यांत चांगलं लेखन आहे. त्या क्षणी तो दिडकीचा स्क्रू अख्ख्या मोटरसायकलीच्या किमतीचा होऊन बसतो. पुस्तकात उपाय नाही, मॅन्युअलमध्ये नाही, तुम्ही आणि तो स्क्रू एवढंच उरतं. हे ज्यानं भोगलंय त्याला पुढचं मेटाफिजिक्स माफ करता येतं. (मामाचा उपाय: आधी गरम करायचा, मग छन्नीनं तिरका ठोकायचा. तेवढ्यानंही नाही आला तर वर नट वेल्ड करायचा आणि पान्यानं सोडवायचा. मेटाफिजिक्स लागत नाही, वेल्डिंगवाला शेजारी लागतो.)

आता नळाकडं. जॉन-सिल्व्हियाच्या घरी एक नळ ठिबकत असतो. जॉननं वॉशर बदलून पाहिला, जमलं नाही, सोडून दिला. निवेदकाच्या लक्षात येतं की सिल्व्हिया बोलत असताना मध्येच पोरांवर खेकसते, आणि त्याचं खरं कारण ते ठिबकणं आहे. यातून तो निष्कर्ष काढतो की या दोघांना तंत्रज्ञानाचाच राग आहे. मी हे वाचताना थांबलो. त्या घरात दिवसभर त्या नळापाशी उभं कोण होतं? नळ दुरुस्त करायचं काम कुणाचं मानलं गेलं, आणि ते झालं नाही म्हणून चिडायची मुभा कुणाला नव्हती? लेखकाची नजर इतकी तीक्ष्ण की दाबून धरलेला राग त्याला दिसतो, आणि तरी तो राग संसाराचा असू शकतो हे सुचत नाही. या सबंध परंपरेत बाई एकतर मागच्या सीटवर असते नाहीतर घरातून हाक मारते. गॅरेजच्या दाराच्या आत ती येत नाही.

क्रॉफर्ड पिरसिगपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो दुकान चालवतो. शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी, मग वॉशिंग्टनच्या एका थिंक टँकमध्ये मोठ्या पगाराची नोकरी, ती पाच महिन्यांत सोडून व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मोटरसायकल दुरुस्ती. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: ऑफिसातलं 'ज्ञानाचं काम' बऱ्याचदा बुद्धी गहाण ठेवून करावं लागतं आणि हातानं करायच्या कामाला दिसतं त्यापेक्षा खूप जास्त बुद्धी लागते. अमेरिकन शाळांनी सुतारकाम-लोहारकामाचे वर्ग बंद करून सगळ्यांना कॉलेजकडं ढकललं, हे चुकलं. पिरसिगच्या त्या रेडिओवाल्या पोरांवरही तो लिहितो. त्यांना तो जुन्या ग्रीक अर्थानं 'इडियट' ठरवतो, म्हणजे स्वतःपुरता राहणारा, सगळ्यांच्या सामाईक जगाशी देणंघेणं नसलेला.

त्याच्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग मला एका जुन्या होंडा मॅग्नाच्या कामाचा वाटतो. गाडी फारशा किमतीची नाही. क्लचचं काम करता करता त्याला एक ऑइल सील शंकास्पद दिसतं आणि तो त्याच्या मागं लागतो. तास जातात. आता बिल किती करायचं? घातलेले सगळे तास लावले तर गिऱ्हाइकाची लूट, न लावले तर धंदा बुडतो. आणि सील उकरण्यामागं गिऱ्हाइकाचं हित किती आणि स्वतःची खाज किती, हे त्याचं त्यालाच नक्की सांगता येत नाही. पिरसिगला जी गोष्ट दिसलीच नाही ती इथं लख्ख दिसते. यंत्राबद्दलची निष्ठा आणि माणसाबद्दलची निष्ठा एकमेकींना आडव्या येऊ शकतात. मामाला मी हा भाग तोंडी सांगितला तेव्हा तो मान हलवून म्हणाला, "त्याला गिऱ्हाईक चांगलं मिळालंय. आमचं गिऱ्हाईक आधीच सांगतंय, दोनशेच्या वर जाऊ नका." मग थोड्या वेळानं, "पण लेका, हात काळं करायला पीएचडी कशाला लागती?"

हा प्रश्न पुस्तकाच्या वर्मावर बसतो. क्रॉफर्डच्या हातांना किंमत आहे, कारण त्या हातांमागं शिकागो आहे. तो दुकान चालवता चालवता विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतही असतो आणि पुस्तक न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडून येतं. वरून खाली उतरणाऱ्याला उतरण्याचं तत्त्वज्ञान सुचतं. मामाच्या पोरानं बीसीए केलं, मामानं कर्ज काढून करवलं, आणि त्याला पान्याला हात लावू दिला नाही. क्रॉफर्ड मामाला सांगू पाहील की हे चुकलं. मला तसं सांगवणार नाही.

कारण आपल्याकडचा हाताच्या कामाचा इतिहास वेगळा आहे. १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वाटली, आणि वर त्यांची उतरंड लावली. मोटार फार उशिरा आली, ती बलुतेदारीच्या यादीत नव्हती. म्हणून गॅरेजात निरनिराळ्या जातीधर्मांची पोरं एका इंजिनावर वाकलेली दिसतात. मामाचा उस्ताद मुसलमान होता, स्वतः मामा सुतार, हाताखालचा आत्ताचा पोरगा धनगर. पण काळ्या हातांकडं बघायची नजर जुनीच राहिली. गिऱ्हाईक पैसे हातात देत नाही, सीटवर ठेवतं. ग्रीस लागू नये म्हणून ठेवत असेलही. मामाला चाळीस वर्षांत त्यातला फरक कळायला लागलाय, मला अजून कळत नाही.

शाळेतल्या वर्गांबद्दल क्रॉफर्ड हळहळतो, तेव्हा मला आमचा 'कार्यानुभव' आठवतो. क्रेप पेपरची फुलं आणि आईस्क्रीमच्या काड्यांचं घर. बंद पडायला आधी तो वर्ग सुरू तरी व्हायला हवा होता! आपल्याकडं याला गंभीर अपवाद आहे तो पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वायरिंग करत करत विज्ञान शिकतात. क्रॉफर्डनं तत्त्व मांडायच्या पंचवीस वर्षं आधी कलबागांनी पत्र्याच्या शेडमध्ये ते राबवलं होतं. यावर आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत किती लिहून आलं? आपली समीक्षा वेल्डिंगच्या ठिणगीपासून डोळे जपून राहिली.

क्रॉफर्डचं एक भाकीत मात्र मामाच्या दारात येऊन उभं राहिलंय. बॉनेट उघडलं की आत आणखी एक बॉनेट असतं, मालकानं हात लावू नये अशीच यंत्रं आता बनतात, असं तो म्हणतो. भारतात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाक्यांचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. धुरासाठी ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मामा आवाज ऐकून, एक्झॉस्टपुढं हात धरून, स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी 'लावायचा'. ते ज्ञान त्याच्या कानात आणि मनगटात होतं, आता ते स्कॅनरच्या पडद्यावर कोड होऊन येतं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. गिऱ्हाइकाच्या हक्काच्या दृष्टीनं चांगलंच पाऊल. पण जो कान निकामी झाला त्याच्या हक्काचं पोर्टल कसं असेल?

घरदुरुस्तीवरचं पुस्तक मी शेवटी ठेवलंय. ट्रेसी किडरचं 'हाउस' (१९८५). मॅसॅच्युसेट्समध्ये एक घर बांधलं जातं, एवढीच गोष्ट. मालक वकील, एक वास्तुरचनाकार आणि चार सुतारांची कंपनी. 'घर पाहावं बांधून' हे आपण म्हणतो ते किडरनं शब्दशः केलं, तेही दुसऱ्याचं. तो स्वतः हातोडी उचलत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. मालकाला सुतार आवडतात, सुतारांना मालक आवडतो, आणि तरी शेवटच्या काही शे डॉलरवरून दोघांत असा पीळ बसतो की तो सुटत नाही. घराचं काम काढलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हे ओळखीचं वाटेल. 'फर्निचरवाल्यानं फसवलं' आणि 'पार्टीनं शेवटचा हप्ता दाबला' या एकाच घटनेच्या दोन बाजू किडर एकाच पानावर ठेवतो. तिन्हींत हे पुस्तक सर्वांत कमी गाजलंय आणि माझ्या मते सर्वांत चांगलं आहे, कारण त्यात काम करणारा आणि काम करवून घेणारा दोघंही पूर्ण माणसं आहेत.

आता रील. गंजलेला जुना व्हाइस किंवा कुऱ्हाड घ्यायची, एक शब्द न बोलता उकलायची, घासायची, रंगवायची, चकचकीत करून शेवटी कागद कापून दाखवायचा, हे व्हिडिओ मीही रात्री एक वाजेपर्यंत बघतो. काहींत गंज आधी मुद्दाम चढवलेला असतो, तरीही बघतो. पिरसिगचं स्वप्न तिथं पूर्ण झालंय: फक्त हात आणि वस्तू. चेहरा नाही, गिऱ्हाईक नाही, वास नाही, पार्ट यायची आठवडाभराची वाट नाही. याच्या उलट पाकिस्तानातल्या ट्रक-वर्कशॉपचे व्हिडिओ. सलवार-कमीज आणि चपला घातलेली माणसं, मोडलेला अवजड अ‍ॅक्सल, भट्टी, घण. त्याखाली जगभरचे लोक कमेंट करतात: काही 'सेफ्टी सँडल'वर हसतात, काही या माणसांपुढं आपले इंजिनिअर फिके म्हणतात. मला दोन्हींची चीड येते. चपलेवर हसणाऱ्यानं बुटांची किंमत विचारली नाही, आणि कौतुक करणाऱ्यानं संध्याकाळी हातात किती पडले ते. त्या व्हिडिओंतलं कौशल्य अस्सल आहे. पण कॅमेरा धरणारा त्या माणसाला प्रश्न विचारत नाही.

मराठीत हे कुणी लिहायचं ठरवलं तर कच्चा माल पडून आहे. मामाकडं १९९१पासूनच्या वह्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या. प्रत्येक पानावर गाडीचा नंबर, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत ('चढाला रडते', 'सकाळी उठत नाही', 'मागून कुणीतरी धरल्यासारखं होतं'), खाली टाकलेला माल, त्याखाली मजुरी. मजुरीच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी आधी एक आकडा लिहून खोडलेला आहे आणि शेजारी दुसरा, कमी, लिहिलाय. तो कोणत्या गाडीला का खोडला, हे मी विचारायला लागलो की मामा एकेका नंबरावर अर्धा तास बोलतो. सध्या आम्ही १९९४च्या पावसाळ्यापर्यंत आलोय.